लोखंडी धाव ते रबरी टायर : नांदेड-लातूरच्या काळ्या मातीतील चाकाचा इतिहास

१/ मराठीत ‘धाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पळण्याचा. दुसरा बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवलेल्या लोखंडी पट्टीचा. विसाव्या शतकात नांदेड आणि लातूर परिसरातील गाड्यांच्या चाकांवरून ही लोखंडी धाव हळूहळू उतरली आणि तिच्या जागी हवा भरलेला रबरी टायर आला. या बदलाने गाडी हलकी झाली. ती कोणासाठी हलकी झाली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

२/ जुने चाक हे गावातच जन्माला येई. बाभळीचे कसदार लाकूड, मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि भोवती लाकडी घेर, एवढे काम सुताराचे. धाव चढवण्याचे काम लोहाराचे. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेली लोखंडी कडी गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करायची, तापून ती फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसताच सारे सांधे करकचून आवळले जात. एकही खिळा न मारता चाक घट्ट करणारी ही युक्ती पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे.

३/ या चाकाची खरी परीक्षा जमिनीवर होई. गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांतील काळी कसदार माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी टणक होते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ. अरुंद लोखंडी धाव टणक वाटेवर उत्तम चालते, कारण तिथे ती रुतत नाही. ओल्या रानात मात्र तीच धाव सुरीसारखी आत शिरते. एकाच वाटेने शेकडो गाड्या गेल्या की जमिनीत खोल चऱ्या पडतात. त्यांनाच चाकोरी म्हणतात. आज हा शब्द ठरावीक वागण्यासाठी वापरला जातो, पण त्याचा जन्म या चिखलातला आहे. चाकोरीतून गाडी बाहेर काढणे किती कष्टाचे असते, हे ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्यालाच त्या लाक्षणिक अर्थाची धार कळते.

४/ तरीही लोखंडी धावेची निवड अडाणीपणाची नव्हती. बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या वाटा, बालाघाटच्या डोंगररांगेतील मुरूम आणि दगडगोटे यांना तिच्याइतके पुरून उरणारे दुसरे काही नव्हते. चाक उंच असल्यामुळे खड्डा आणि बांध ओलांडणे सोपे जाई. बिघाड झालाच तर दुरुस्ती गावच्या बलुतेदाराकडे होई. त्यासाठी शहराकडे जावे लागत नसे.

५/ ही गाडी ओढणारे बैलही याच मातीचे होते. कंधार परिसरातील गडद तांबडी लाल कंधारी आणि लातूर भागातील देवणी. या दोन्ही जातींची नावे गावांवरूनच पडली आहेत. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगावरून ओळखले जाणारे तीन प्रकार आहेत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बाजारात बैल पारखणारा शेतकरी दात, खूर आणि चाल पाहत असे. मानेची ठेवणही पाही, कारण जू मानेवर बसते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

६/ निजामाच्या राज्यात रेल्वे आली तेव्हा बैलगाडी संपेल असे कोणाला वाटले असल्यास ते चुकले. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे नांदेडवरून मनमाडला जोडली गेली. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्यामुळे कापूस, गळिताची धान्ये आणि डाळी बाहेर जाऊ लागल्या, पण शेतापासून स्थानकापर्यंतचा माल शेवटी बैलांनीच ओढायचा होता. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती लातूरची गोलाकार गंजगोलाई याच वाढत्या व्यापाराची खूण आहे. रेल्वेने बैलगाडीचे काम वाढवले.

७/ इकडे हे चालू असताना रबरी टायरचा जन्म दूर युरोपात झालेला होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, पण जग तयार नव्हते. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. लोकांना ती पटली शर्यतीच्या मैदानावर. १८८९ मध्ये विली ह्यूम हा सायकलपटू बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत हवेचे टायर लावून उतरला आणि जिंकला. योगायोग असा की ज्याचा व्यवसाय जनावरे बरी करण्याचा, त्याच्या शोधाचा सर्वांत मोठा परिणाम पुढे भारतात जनावरांवरच झाला.

८/ १९३६ मध्ये हुगळीकाठच्या साहागंज येथे डनलॉपचा कारखाना उभा राहिला. जनावरांनी ओढायच्या वाहनांसाठी खास टायर हा भारतीय टायर उद्योगाचा एक स्वतंत्र प्रकार बनला. आजही एकोणीस इंची रिमचे, ६.००, ७.०० आणि ८.०० या रुंदीचे टायर याच वर्गात मोडतात. देशाच्या अनेक भागांत अशा गाडीला कंपनीच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. मराठवाड्यात रूढ झाले ते साधे नाव : टायरगाडी.

९/ निवड मात्र सोपी नव्हती. हवेचा टायर रुंद असल्याने मऊ मातीत कमी रुततो, दगडाचा धक्का गिळतो आणि सडकेवर सहज पळतो. पण त्याला काटा चालत नाही, पंप लागतो, पंक्चर काढणारा लागतो. नव्या टायरची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याला झेपणारी नव्हती. मग मोटारगाड्यांचे उतरलेले टायर आणि भंगारातील आस वापरून गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. ट्रकला नकोसा झालेला गुळगुळीत टायर बैलाच्या चालीला पुरे पडे. ज्याचा रोजचा रस्ता सडकेचा त्याने टायर घेतला, ज्याचा रस्ता काट्याकुट्यांचा आणि पांदीचा त्याने धाव ठेवली. कित्येक वर्षे दोन्ही गाड्या एकाच गावात नांदल्या.

१०/ सुतार आणि लोहार यांचे काय झाले, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. चाक हे त्यांच्या कसबाचे शिखर होते. ते बाजारातून तयार येऊ लागले तेव्हा त्यांच्या वाट्याला साटा, दांड्या आणि किरकोळ दुरुस्ती उरली.

११/ बांधकाम खात्यांना टायर हवाच होता, कारण लोखंडी धाव खडीचे रस्ते चिरडून टाकी. १९७० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संस्थापक संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर मांडला. ज्या गाडीवर ग्रामीण भारताची मालवाहतूक चालते, तिच्या रचनेकडे अभियंत्यांनी पाठ फिरवली आहे, ही त्यांची तक्रार रास्त होती.

१२/ या साऱ्या कथेतील सर्वांत बोलका पुरावा एका कोरड्या सरकारी कागदात आहे. ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठी १९६५ मध्ये केंद्राने नियम केले. साडेतीनशे किलोहून अधिक वजनाच्या बैलाला दुचाकी गाडीत, गाडीच्या वजनासह, ९०० किलोची मर्यादा घातली. हवेचे टायर असल्यास मर्यादा १३५० किलो. बॉल बेअरिंग असल्यास १८०० किलो. म्हणजे टायरने वाचवलेले कष्ट बैलाच्या खाती जमा झाले नाहीत. कायद्यानेच ते वाढीव ओझ्याच्या रूपाने मालकाच्या खाती लिहिले.

१३/ शिवाय टायरने ओढण्याचे बळ कमी केले, मानेवरचे जू तसेच राहिले. दुचाकी गाडीत माल पुढे सरकला की भार थेट मानेवर येतो, मागे सरकला की गाडी उलाळ होते. उतारावर तर टायरची सहजताच अंगावर उलटते, कारण ब्रेक नसलेली भरलेली गाडी बैलांनाच मागून ढकलते. बालाघाटच्या उतारांवर ती रोखून धरण्याचे काम बैलांच्या मानेलाच करावे लागते.

१४/ ऊसतोडणीत हे सर्वाधिक ठळक दिसते. मराठवाड्यातील कोरडवाहू तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास तोडणी कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. बैल कामगाराचे, टायरगाडी पुष्कळदा कारखान्याची, भाड्याने दिलेली. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, म्हणून गाडी काठोकाठ भरली जाते. इथे टायर कोणता निवडायचा हे बैल हाकणारा ठरवत नाही. हंगाम संपून परत जाताना जखमी मानेचा बैल मात्र त्याच्याच घरी जातो.

१५/ १९६५ च्या त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये. नांदेड आणि लातूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो.