निखाऱ्यावरचा खिमा

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता न्यू जर्सीतील एडिसन या गावी चिरंजीवांकडे गेलो होतो. एका रविवारी परसात बर्गर भाजण्याचा बेत ठरला. बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या आमच्या घराण्याला मटणाचा खिमा नवा नाही. शिवाय राज्य शासनाच्या पुरवठा खात्यात उभी हयात घालवलेला मी! सरपण आणि कोळसा यांविषयी आपल्याला कोणी काही शिकवावे असे मला वाटत नव्हते. "शेगडी माझ्याकडे," असे सांगून मी मोकळा झालो.

शेगडी अगदी लहान, परातीएवढी. कोळसे पेटताच मी मेंढीच्या खिम्याच्या चकत्या जाळीवर मांडल्या आणि लवकर व्हाव्यात म्हणून उलथण्याने दाबू लागलो. चरबी निखाऱ्यांवर गळली, भडका उडाला आणि चकत्या काळ्याभोर झाल्या. त्या पावात घालून वाढल्या, तोच चिरंजीवांनी एक फोडून पाहिली. आत कच्चा लाल खिमा. त्यांनी नातीच्या हातातला घास काढून घेतला. पोर रडू लागली. मी म्हणालो, "अरे, इथले लोक स्टेक लालच खातात ना?" त्यावर त्यांनी एवढेच उत्तर दिले, "बाबा, तो स्टेक, हा खिमा." मला राग आला होता, हे कबूल करतो. या उत्तराचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतील हॅम्बर्ग बंदरावरून आले. एकोणिसाव्या शतकात 'हॅम्बर्ग स्टेक' या नावाने बारीक केलेल्या गोमांसाचा पदार्थ अमेरिकेतील उपाहारगृहांत मिळू लागला. तो पावात प्रथम कोणी घातला, यावर मात्र एकमत नाही. विस्कॉन्सिनमधील सीमूर आणि न्यूयॉर्क राज्यातील हॅम्बर्ग ही दोन्ही गावे १८८५ सालाचा दावा करतात, तर न्यू हेवन येथील लुईज लंच हे उपाहारगृह १९०० सालाचा. मिसळ खरी पुण्याची, कोल्हापूरची की नाशिकची, त्याच जातीचा हा वाद. त्याचा निकाल लागू नये हेच बरे.

पदार्थ लोकप्रिय झाला तरी त्याच्याविषयी संशय होताच. खिम्यात काय दळले आहे, हे डोळ्यांना कसे दिसणार? १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाण तिने चव्हाट्यावर आणली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांस-तपासणीचा कायदा झाला. हा संशय ज्याने ओळखला त्याचाच धंदा चालला. १९२१ मध्ये कॅन्सासमधील विचिटा येथे 'व्हाइट कॅसल' निघाले. इमारत पांढरी, नावातही पांढरेपणा, स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत आणि किंमत पाच सेंट. पण हा बर्गर लोखंडी तव्यावरचा होता. निखाऱ्यावर तो घरोघर पोहोचला दुसऱ्या महायुद्धानंतर, शहरांभोवती परस असलेल्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा.

त्या परसांपर्यंत कोळसा पोहोचवण्यात हेन्री फोर्ड यांचा मोठा हात होता. कोळशाची भुकटी दाबून वड्या करण्याचे पेटंट १८९७ मध्येच एल्सवर्थ झ्वायर यांनी घेतले होते. फोर्ड यांच्या मोटारींना त्या काळी लाकूड भरपूर लागे. मिशिगनमधील त्यांच्या गिरण्यांत भुसा आणि तुकडे यांचे ढीग साचत. १९२० च्या दशकात त्यांचा कोळसा करून, पिठाच्या खळीने बांधून वड्या पाडण्याचा कारखाना निघाला. पुढे या वड्या फोर्डच्याच मोटारविक्रेत्यांकडे मिळू लागल्या. मोटार घ्या, सहलीला जा आणि तिथे आमचाच कोळसा पेटवा! रॉकेलच्या कोट्याचे हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला या व्यापारी बुद्धीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

शेगडीचीही कथा आहे. १९५२ मध्ये शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचा गोळा मधोमध कापून झाकणाची शेगडी केली. तिच्या शेजारी लहान बिडाची शेगडीही अमेरिकेत रुळली. तिला तिकडे 'हिबाची' म्हणतात. वास्तविक जपानमध्ये हिबाची म्हणजे खोली आणि हात उबवण्याचे निखाऱ्यांचे भांडे. स्वयंपाकाच्या लहान शेगडीला तेथे 'शिचिरिन' म्हणतात. परक्या मुलखात गेलेल्या शब्दांचे असे होतेच. आपल्या बडोदेकर मराठीला हे वेगळे सांगायला नको.

आता चिरंजीवांच्या उत्तराकडे. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात आणि बाहेरून भाजताना मरतात. खिमा करताना मात्र पृष्ठभागच आत मिसळतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात एका साखळी उपाहारगृहातील अर्धवट शिजलेल्या बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. कारण होते 'ई. कोलाय ओ१५७:एच७' हा जंतू. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, खिमा केलेल्या गोमांसात हा जंतू आढळल्यास ते मांस भेसळयुक्त ठरवण्याचा निर्णय तेथील शासनाने घेतला. खिमा गाईचा असो वा मेंढीचा, आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापमान झालेच पाहिजे, असे तेथे सांगितले जाते. चार मुले. हा आकडा वाचला आणि माझा राग उतरला.

निखाऱ्यावर मांस भाजणे आपल्याकडेही जुनेच आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात अन्नभोगाच्या प्रकरणात अंगारावर भाजलेल्या मांसाचे प्रकार आहेत. तो ग्रंथ श्रीगोंदेकर यांनी संपादिला आणि आपल्या बडोद्याच्याच गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२५ पासून छापून निघाला. कोळशाच्या ज्ञानाची घमेंड मी अमेरिकेत मिरवली. घराजवळचे हे पुस्तक मात्र परतल्यावरच उघडले.

पुढच्या रविवारी शेगडी पुन्हा माझ्याकडेच आली. कोळशावर करडी राख धरेपर्यंत थांबलो. निखारे एका अंगाला सारले, म्हणजे भडका उडाला तर चकती दुसऱ्या अंगाला सरकवता येते. खिमा फार मळला नाही. मीठ आधी मिसळले तर चकती सॉसेजसारखी चिवट होते, म्हणून ते जाळीवर ठेवताना वरून भुरभुरले. चकती फुगते, यासाठी मधोमध अंगठ्याने खळगा केला. उलथणे दाबायला नव्हे, उलटायलाच वापरले. थोडी चरबी गळून धूर झाला, तो हवाच होता. त्यानेच तर वास येतो. नातीच्या हातात तापमापक दिला होता. ती एकेका चकतीत सुई खुपसून मोठ्याने आकडा वाचत होती. अडुसष्ट. सत्तर. बहात्तर झाल्यावर तिने माझ्याकडे न पाहता बापाकडे पाहिले, त्याने मान हलवली आणि मग पाव उघडला गेला.