घडा फुटला की झाकला? : हुदा झोग्बी यांचं संशोधन

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांच्या तारखांनी सांगतो. आज मी एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. मूल बोलायला लागलं आणि मग त्याची वाचा गेली, तर नेमकं काय झालं? मेंदूतलं काही मेलं, की काही अडलं?

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये अशा मुलींचं वर्णन प्रसिद्ध केलं. मुलगी पहिले काही महिने नीट वाढते, एखाद-दोन शब्द बोलते. मग शब्द जातात, हातांचा उपयोग जातो आणि हात धुतल्यासारखी अखंड हालचाल सुरू होते. लेख जर्मनमध्ये होता, तो फारसा वाचला गेला नाही. स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ३५ मुलींची माहिती इंग्रजीत छापली, तेव्हा डॉक्टरांचं लक्ष गेलं.

आता हुदा झोग्बी. जन्म बैरुतचा, वैद्यकीय शिक्षणाची सुरुवातही तिथेच. लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि १९७६ मध्ये त्या अमेरिकेत आल्या, त्या परत जाऊ शकल्या नाहीत. नॅशव्हिलला पदवी घेऊन पुढं ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये दाखल झाल्या. १९८३ मध्येच त्यांनी तिथं रेटचा आजार असलेली मुलगी तपासली, आणि थोड्याच दिवसांत दुसरी. लक्षणं इतकी सारखी, आणि रुग्ण बहुतेक मुलीच. मूळ जनुकात असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं.

पण अडचण बघा. त्या काळी जनुक हुडकायचं तर एकाच घरात दोन-तीन रुग्ण लागत. इथं जवळपास प्रत्येक घरात एकच, कारण बिघाड बहुधा नव्यानंच घडतो. मग या प्रश्नावर वेळ कशाला घालवायचा? झोग्बींनी दुसरीकडे काम चालू ठेवलं; चालताना तोल जाणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचं जनुक हॅरी ऑर यांच्यासह १९९३ मध्ये शोधलं. पण रेटचा प्रश्न सोडला नाही. मोजकी कुटुंबं गोळा करत, एक्स गुणसूत्राच्या टोकाचा भाग चाळत, १९९९ मध्ये त्यांच्या गटाला जनुक सापडलं : एमईसीपी२. पहिल्या रुग्णापासून सोळा वर्षं!

गंमत म्हणजे या जनुकाचं प्रथिन एड्रियन बर्ड यांनी १९९२ मध्येच ओळखलं होतं, आजाराशी त्याचा संबंध माहीत नसताना. डीएनएवर मिथाइलची खूण असेल तिथं ते बसतं आणि इतर जनुकांचं काम किती चालावं याचं नियमन करतं. म्हणजे दोष एखाद्या कामगारात नव्हता, मुकादमात होता.

हा मुकादम कमी पडला की रेट. मग जास्त झाला तर? २००४ मध्ये झोग्बींच्या गटानं उंदरांमध्ये हे प्रथिन साधारण दुप्पट केलं. तेही आजारी पडले. पुढं या जनुकाची जादा प्रत असलेले मुलगेही वैद्यकाला ओळखता आले. आमटीत मीठ नसून चालत नाही आणि दुप्पट पडूनही चालत नाही, तसंच हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न्यायदर्शनात प्रध्वंसाभाव सांगितला आहे : घडा फुटला, आता तो नाही. या अभावाला आरंभ आहे, अंत नाही. आजारी मुलीच्या वाचेचा अभाव तसाच मानला जाई. पण रेटमध्ये चेतापेशी मोठ्या संख्येनं मरत नाहीत. २००७ मध्ये बर्ड यांच्या गटानं आजारी, वाढ झालेल्या उंदरांमध्ये बंद ठेवलेलं जनुक पुन्हा चालू केलं आणि लक्षणं बरीचशी ओसरली. २०१५ मध्ये झोग्बींच्या गटानं जादा प्रथिन कमी करूनही उंदीर सुधारल्याचं दाखवलं. घडा फुटला नव्हता, झाकला गेला होता.

उंदीर म्हणजे मूल नव्हे, हे विसरायचं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ट्रोफिनेटाइड हे औषध लक्षणं काही प्रमाणात हलकी करतं. मूळ बिघाड दुरुस्त करत नाही. आणि जनुक बाहेरून द्यायचं, तर ते जास्त होऊ न देता द्यावं लागेल, नाहीतर एका आजाराच्या जागी दुसरा. तरीही आईबापांना ‘आता काही होणार नाही’ असं ज्या आधारावर सांगितलं जाई, तो आधार आता उरलेला नाही. एका डॉक्टरीणबाईंनी दोन मुलींकडे नीट पाहिलं आणि तो प्रश्न सोळा वर्षं हातचा जाऊ दिला नाही, त्याचं हे फळ आहे.