धाराशिवचीं लेणीं

सोलापुराहून धाराशिवास गेलांत, तर डोंगरांतील ओस लेणीं अवश्य पाहा. मोठा मंडप, भोंवतीं मुनींच्या खोल्या. घडण अजिंठ्याच्या विहारांची, पण गाभाऱ्यांत पद्मासनस्थ पार्श्वनाथ! म्हणून हीं मूळचीं बौद्धांचीं कीं जैनांचीं, हा पंडितांचा वाद.

मला मात्र कनकामर मुनींचें ‘करकंडचरिउ’ अधिक मोलाचें वाटतें. अकराव्या शतकाच्या सुमाराचें हें अपभ्रंश काव्य हिरालाल जैन यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत करकंड राजा तेरजवळचें जुनें लेणें पाहतो. मूर्तीपाशीं एक ओबडधोबड गांठ दिसते. ती फोडवितांच पाण्याचा लोंढा उसळून लेणें भरून जातें! कथा म्हणजे इतिहास नव्हे; पण कवीच्या काळींहि हें स्थान पुरातन मानीत, एवढें त्यांतून निश्चित कळतें. पुढें पश्चात्तापानें राजानें तेथें नवीं लेणीं कोरविलीं, असें कवि सांगतो.