'नॉर्मल' फुप्फुस नेमकं कोणाचं?

समजा, दम लागतो म्हणून तुमचे काका उमरग्याहून सोलापूरला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. नाकाला चिमटा, तोंडात नळी, "जोरात फुंका, अजून, अजून!" आणि हातात रिपोर्ट: अपेक्षित आकड्याच्या ७२ टक्के. पण हा 'अपेक्षित' आकडा येतो कुठून? आज त्या एका रकान्याचा इतिहास बघू.

१८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने स्पायरोमीटरवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र साधंच: पाण्यात पालथं घातलेलं भांडं. फुंकलं की ते वर उचललं जायचं. जितकं वर, तितकी हवा. खलाशी, पोलीस, पहिलवान अशा दोन हजारांहून जास्त लोकांना त्याने फुंकायला लावलं. पूर्ण श्वास भरून बाहेर टाकता येणारी हवा उंचीबरोबर वाढते, हे त्यातून कळलं. दर इंचामागे साधारण १३० मिलिलिटर. म्हणजे 'अपेक्षित' आकडा उंचीवरून काढता येतो!

(कितीही जोर लावा, फुप्फुसात लिटरभर हवा उरतेच. ती फुंकून मोजता येत नाही. त्यासाठी हेलियम वायू किंवा माणूस आत बसेल अशी बंद केबिन लागते.)

पुढे गडबड झाली. १८६९ मध्ये अमेरिकेत बेंजामिन गूल्डने सैनिकांची मापं छापली. कृष्णवर्णीय सैनिकांचे आकडे कमी होते. गुलामगिरी, गरिबी, आजारपण यांचा हिशोब न करता तो फरक वंशाच्या नावावर टाकला गेला. मग यंत्रांमध्येच वंशानुसार 'अपेक्षित' आकडा कमी करायची सोय आली. अपेक्षाच कमी धरली, की आजारी फुप्फुसही ठीक दिसतं. आणि धुळीत काम करणाऱ्याची नुकसानभरपाई अशाच टक्क्यांवर अडते.

भारतीयांसाठी परदेशी आकडे जसेच्या तसे लावले, तर उलटं होतं: धडधाकट माणूसही आजारी ठरतो. म्हणून मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. कामत यांच्या गटाने १९८२ मध्ये आणि डॉ. फरोख उदवाडिया यांच्या गटाने १९८७ मध्ये इथल्या निरोगी लोकांवरून आकडे काढले. मोठंच काम. तरी चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली आपल्याकडची आजी त्या आकड्यांत कुठे बसते, हा प्रश्न उरतोच.

२०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश बाजूला ठेवून सगळ्यांना एकच सूत्र लावायची शिफारस केली. त्यावरही वाद आहेत, कारण सूत्र बदललं की कुणाची नोकरी जाते, कुणाला भरपाई मिळते.

म्हणून रिपोर्ट हातात आला की टक्के बघून घाबरू नका. कोणाचे 'नॉर्मल' आकडे वापरलेत, ते डॉक्टरांना विचारा. आणि जुना रिपोर्ट जपून ठेवा. तुमच्या फुप्फुसाची सगळ्यात प्रामाणिक तुलना त्याच्याशीच होते.