कायम नोकरी गेली? कंपनीने काय काय द्यायलाच हवे, ते वाचा

ठाणे : मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ भागातली कितीतरी माणसे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कारखान्यांत कायम कामगार आहेत. कंपनीने पद रद्द केले की 'उद्यापासून येऊ नका' एवढे तोंडी सांगून भागत नाही. कायद्यात याला कामगार कपात म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे.

मालकाची कर्तव्ये :

१) नोटीस : सलग एक वर्ष काम झाले असेल तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस, किंवा त्या महिन्याचा पगार.

२) भरपाई : दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. वरचे सहा महिन्यांपेक्षा जास्त असतील तर तेही वर्ष धरतात.

३) परवानगी : कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची आधी परवानगी लागते. ६० दिवसांत सरकारचे उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरतात.

४) क्रम : त्या प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी कमी. क्रम मोडला तर कारण लिहून ठेवावे लागते. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर आधी जुन्या माणसाला विचारायचे.

५) ग्रॅच्युइटी : पाच वर्षे झाली असतील तर हिशेब वेगळा. भरपाई दिली म्हणून ग्रॅच्युइटी बुडत नाही.

६) कौशल्य निधी : आणखी १५ दिवसांचा पगार, ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर.

७) राहिलेला पगार : दोन कामाच्या दिवसांत.

हिशेब असा करा : बेसिक व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये, नोकरी १० वर्षे ७ महिने, म्हणजे ११ वर्षे धरायची. भरपाई ५२० × १५ × ११ = ८५,८०० रुपये. ग्रॅच्युइटीला महिन्याचे २६ दिवस धरतात, म्हणून ६०० × १५ × ११ = ९९,००० रुपये. नोटीस पगार १५,६०० आणि कौशल्य निधी ७,८००. एकूण २,०८,२०० रुपये. पीएफ यात धरलेला नाही, तो वेगळा.

सगळ्यात मोठी चूक होते ती सहीत. 'राजीनामा लिहून द्या, लगेच चेक देतो' असे सांगतात. राजीनामा दिला की ती कपात राहत नाही आणि भरपाईचा हक्क जातो. कोऱ्या कागदावर तर सही करूच नका.

उशीरही महागात पडतो. कल्याणजवळ मोहने येथील एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तिथल्या हजारो कामगारांना देण्यांसाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. म्हणून नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, पीएफ नंबर आणि ओळखपत्राचे फोटो आजच मोबाईलमध्ये ठेवा.

तक्रार ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण कामावरून काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.