ईबेचा बाजार आणि त्याचे कारभारी

ईबेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा न्याय नेहमी दोन ठिकाणी होत आला आहे. एक वॉल स्ट्रीटवर, तिमाहीच्या आकड्यांवरून. दुसरा विक्रेत्यांमध्ये, फी किती वाढली आणि माल किती खपला यावरून. दोन्हीकडचे निकाल क्वचितच जुळले, आणि त्याचे कारण धंद्याच्या घडणीतच आहे. ईबे स्वतः माल विकत नव्हती, गोदामे बाळगत नव्हती. माल विक्रेत्याचा, पैसा खरेदीदाराचा आणि कंपनीची मिळकत म्हणजे मधली दलाली. ज्यांच्या जिवावर बाजार चालतो ते कंपनीचे नोकर नाहीत, त्यामुळे त्यांना हुकूम सोडता येत नाही. पण ते दुखावले तर बाजार ओस पडतो. मेग व्हिटमन यांच्या दहा वर्षांच्या कारभाराविषयी जो वाद झाला, त्यात ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

पियेर ओमिड्यार या पॅरिसमध्ये जन्मलेल्या, इराणी आईवडिलांच्या मुलाने सप्टेंबर १९९५मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे इथे ‘ऑक्शनवेब’ नावाने हा इंटरनेटवरचा लिलावाचा बाजार सुरू केला. पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, तो १४.८३ डॉलरना गेला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने महिन्याचे भाडे २५० डॉलरवर नेले, तेव्हा ओमिड्यार यांनी विक्रीवर टक्केवारी लावली. वसुलीची कसलीही व्यवस्था नव्हती, तरी लोकांनी पैसे पाठवले. लिफाफ्यांतून चेक येत, काही लिफाफ्यांत तर कार्डाला चिकटपट्टीने चिकटवलेली नाणी असत. जेफ स्कोल १९९६मध्ये कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओमिड्यार यांनी अभिप्रायाची सोय केली. प्रत्येक सौद्यानंतर विक्रेता आणि खरेदीदार एकमेकांविषयी चांगला, वाईट किंवा मधला शेरा नोंदवत, आणि तो सगळ्यांना दिसे. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि मग वस्तूची वाट पाहायची, हे धाडस लोक या शेऱ्यांच्या भरवशावर करू लागले. ईबेचे खरे भांडवल हेच होते. ते कुण्या व्यवस्थापकाने नव्हे, तर वापरणाऱ्यांनी एकेका ओळीने जमवले.

बेंचमार्क कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने १९९७मध्ये कंपनीत सुमारे ६७ लाख डॉलर गुंतवले, त्याच वर्षी ‘ईबे’ हे नाव रूढ झाले आणि मार्च १९९८मध्ये व्हिटमन मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आल्या. प्रॉक्टर अँड गँबल, बेन, डिस्ने अशा ठिकाणी काम करून त्या हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीत लहान मुलांच्या खेळण्यांचा विभाग सांभाळत होत्या. ईबेत तेव्हा जेमतेम तीस माणसे होती. २४ सप्टेंबर १९९८ रोजी १८ डॉलरला विकायला काढलेला शेअर पहिल्याच दिवशी ४७ डॉलरवर बंद झाला. या यशाचे श्रेय सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या बाईंना द्यायचे की आधीपासून चाललेल्या बाजाराला, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

त्यांची पहिली कसोटी जून १९९९मध्ये लागली. १० जूनच्या संध्याकाळी ईबेची यंत्रणा कोसळली आणि सुमारे २२ तास बंद राहिली. दुकान दिवसभर बंद राहिले तर तेवढ्या दिवसाचा गल्ला बुडतो. लिलावाचे तसे नसते. बोलीला ठरलेली मुदत असते आणि खरी चढाओढ शेवटच्या काही मिनिटांत होते. ती मिनिटे बंद पडलेल्या यंत्रात गेली, तर वस्तू पहिल्या क्षुल्लक बोलीवर जाते किंवा जातच नाही. घरच्या गॅरेजमध्ये खोकी बांधून पोट भरणाऱ्या हजारो विक्रेत्यांसाठी हा थेट आठवड्याच्या कमाईवरचा घाला होता. व्हिटमन यांचा तांत्रिक बाबींशी फारसा संबंध आलेला नव्हता. त्या रात्रंदिवस अभियंत्यांबरोबर कार्यालयात बसल्या. अडकलेल्या लिलावांची मुदत वाढवली गेली, फी परत केली गेली. तिमाहीच्या उत्पन्नाला त्यातून ३० ते ५० लाख डॉलरची खोट बसली. कर्मचाऱ्यांना मोठ्या विक्रेत्यांना एकेक फोन करून माफी मागायला लावले. त्यानंतर गेटवे कंपनीतून मेनार्ड वेब यांना आणून तंत्रविभाग त्यांच्या हाती दिला. व्हिटमन यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा शेअरच्या भावात नसून या जूनमध्ये आहे. फुकटात मिळालेला विश्वास टिकवायला पैसे मोजावे लागतात, हे त्यांना वेळेवर उमगले.

पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांचे जे निर्णय फळले, ते बहुतेक वापरणाऱ्यांच्या मागे जाण्याचे होते. खेळण्यातल्या मोटारींच्या विभागात लोक खऱ्या मोटारी विकायला लावताहेत असे दिसले, तेव्हा मोटारींचा स्वतंत्र बाजार उभा राहिला आणि तो प्रचंड चालला. पैसे चुकते करण्यासाठी कंपनीची स्वतःची ‘बिलपॉइंट’ सेवा होती, पण विक्रेत्यांनी पेपॅल उचलून धरले. तीन वर्षे झुंजून झाल्यावर व्हिटमन यांनी २००२मध्ये दीड अब्ज डॉलरच्या शेअरच्या बदल्यात पेपॅलच घेतले. उलट जिथे बाजाराला वरून वळण लावायचा प्रयत्न झाला तिथे अपयश आले. बटरफील्ड अँड बटरफील्ड हे सॅन फ्रान्सिस्कोचे जुने लिलावगृह १९९९मध्ये २६ कोटी डॉलरच्या शेअरवर घेतले गेले, उंची कलावस्तूंचे गिऱ्हाईक त्यातून येईल या आशेने. ते आले नाही आणि २००२मध्ये ते बॉनहॅम्सला विकावे लागले.

चीनमध्ये हा धडा विसरला गेला. जपानमध्ये याहूने आधीच पाय रोवल्यामुळे ईबेने २००२मध्ये तिथून माघार घेतली होती; तशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून चीनमधली ईचनेट ही कंपनी १८ कोटी डॉलरना दोन टप्प्यांत विकत घेतली. २००३मध्ये अलिबाबाने ताओबाओ सुरू केले आणि विक्रेत्यांना फी माफ केली. तिथे खरेदीदार आणि विक्रेता आपापसांत गप्पा मारू शकत, घासाघीस करू शकत. ईबेला तशी मोकळीक नको होती, कारण दोघांनी परस्पर सौदा उरकला तर दलाली बुडणार. ताओबाओच्या अलीपे या पैसे चुकते करण्याच्या सेवेत पैसे मध्यस्थाकडे राहत आणि वस्तू हाती पडल्यावर सुटत. अनोळखी माणसावर भरवसा न ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सोयीचे होते. ईबेने मात्र २००४मध्ये ईचनेटची यंत्रणा अमेरिकेतल्या सर्व्हरवर हलवली. साइट संथ झाली, आणि शांघायमध्ये सुचलेल्या बारीकसारीक दुरुस्त्यांसाठी कॅलिफोर्नियाच्या रांगेत उभे राहावे लागले. डिसेंबर २००६मध्ये कारभार टॉम ऑनलाइन या स्थानिक कंपनीकडे सोपवला गेला. स्पर्धक फुकट देत होता म्हणून आपण हरलो, असे म्हणून या पराभवातून सुटका होत नाही. सॅन होजेत विक्रेत्यांचे ऐकणारी कंपनी शांघायमध्ये ऐकायलाच तयार नव्हती, आणि हा दोष थेट शिखरावरचा आहे.

भारताचा भागही याच काळातला. २००४मध्ये ईबेने मुंबईची बाझी डॉट कॉम सुमारे पाच कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बाझीचे प्रमुख अवनीश बजाज यांना दिल्लीत अटक झाली. एका विक्रेत्याने साइटवर अश्लील चित्रफीत विकायला लावली होती. दुसऱ्याने मांडलेल्या मालाबद्दल बाजार चालवणाऱ्याला किती जबाबदार धरायचे, हा प्रश्न अमेरिकेत चर्चेचा होता, इथे तो कोठडीचा झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या २००८च्या दुरुस्तीने मध्यस्थांचे संरक्षण रुंदावले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये बजाज यांच्यावरील कारवाई रद्द ठरवली. भारतातला धंदा मात्र कधीच जोम धरू शकला नाही. २०१७मध्ये तो फ्लिपकार्टकडे गेला आणि पुढच्याच वर्षी बंद झाला.

२००५मध्ये दोन निर्णय झाले आणि व्हिटमन यांच्याविषयीचे मत फिरले. जानेवारीत ईबेवर स्वतःचे दुकान मांडणाऱ्यांचे मासिक भाडे ९.९५ डॉलरवरून १५.९५ डॉलरवर नेण्याचे जाहीर झाले, सोबत इतर आकारही वाढले. संतापलेल्या विक्रेत्यांनी कंपनीला ‘फीबे’ म्हणायला सुरुवात केली आणि काही वाढ मागे घ्यावी लागली. मग शरद ऋतूत स्काइप ही इंटरनेटवरून फोन करण्याची सेवा २.६ अब्ज डॉलरना घेतली गेली. बोली लावणारे विक्रेत्याशी बोलतील आणि महागड्या वस्तूंचे सौदे वाढतील, असे कारण दिले गेले. कुणी असे काही मागितले नव्हते. दोन वर्षांत कंपनीला स्काइपपोटी १.४ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात दाखवावा लागला. पुढे २००९मध्ये बहुतांश हिस्सा विकला गेला, २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलर मोजले आणि उरलेल्या हिश्श्यावर ईबेला चांगला पैसा मिळाला. काही जण त्यावरून व्हिटमन दूरदर्शी होत्या असे सांगतात. पण नंतर चांगला भाव आला म्हणून मूळ कारण खरे ठरत नाही. ईबेच्या बाजाराला स्काइपने काहीच दिले नाही.

मार्च २००८अखेर त्या पायउतार झाल्या तेव्हा कंपनीत सुमारे १५,००० माणसे होती आणि आदल्या वर्षीचा महसूल ७.६७ अब्ज डॉलर होता. २०१०मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली, स्वतःचे १४ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि जेरी ब्राउन यांच्याकडून हरल्या. ईबेवरची त्यांची दहा वर्षे त्या काळात प्रचाराचा विषय झाली. तीस माणसांची पंधरा हजार झाली, असे समर्थक म्हणत. वाढ आपोआप होणारीच होती, असे विरोधक. दोघेही अर्धवट बोलत होते. वाढ विक्रेत्यांनी केली हे खरे, पण ती पेलणारी यंत्रणा, पैशांची सोय आणि बनावट मालाविरुद्धचे नियम यांशिवाय ती १९९९मध्येच कोसळली असती. त्यांच्यावरचा खरा आक्षेप शेवटच्या तीन वर्षांचा आहे. अमेझॉन ठरावीक किमतीला, ठरल्या दिवशी घरपोच माल देऊ लागली होती, लिलावाची नवलाई ओसरत होती, आणि दुरुस्तीची ती वर्षे फी वाढवण्यात व इतर कंपन्या घेण्यात गेली.

ती दुरुस्ती त्यांचे उत्तराधिकारी जॉन डोनाहो यांच्या वाट्याला आली. ते आधी बेन या सल्लागार कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी सूत्रे हाती घेण्याआधीच, जानेवारी २००८मध्ये नवे नियम जाहीर झाले: वस्तू मांडण्याची फी कमी, पण पहिल्या २५ डॉलरच्या विक्रीवरची टक्केवारी ५.२५वरून ८.७५; आणि मेपासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट शेरा देता येणार नाही. या दुसऱ्या नियमाने जास्त आग लागली. त्यामागे कारण होते. फसलेल्या खरेदीदाराने तक्रार नोंदवली की विक्रेता सूड म्हणून त्याच्यावर वाईट शेरा मारी, म्हणून लोक गप्प राहत आणि शेऱ्यांचे मोलच उरत नसे. पण पैसे न देणाऱ्या किंवा वस्तू बदलून परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध विक्रेत्याच्या हातात तेवढेच एक हत्यार होते. १८ ते २५ फेब्रुवारी असा आठवडाभर विक्रेत्यांनी बहिष्कार पुकारला. कंपनी नमली नाही. बारा वर्षांपूर्वीचा दोघांना समान मानणारा करार तिथे संपला, आणि तो बदल बहुधा टाळता येण्यासारखा नव्हता. वाईट गोष्ट इतकीच की तो विक्रेत्यांशी न बोलता लादला गेला.

शेअर बाजाराने डोनाहो यांना उशिरा का होईना पसंती दिली. २००९च्या सुरुवातीला दहा डॉलरच्या आसपास आलेला शेअर २०१३मध्ये पन्नासच्या पुढे गेला. त्यात मोठा वाटा पेपॅलचा होता. २०१४मध्ये गुंतवणूकदार कार्ल आयकान यांनी पेपॅल वेगळे करण्याचा आग्रह धरला आणि संचालकांवर हितसंबंधांचे आरोप केले. डोनाहो यांनी आधी ठाम विरोध केला, सप्टेंबरमध्ये विभाजन मान्य केले आणि जुलै २०१५मध्ये दोन कंपन्या झाल्या. पेपॅलचे बाजारमूल्य ईबेपेक्षा जास्त भरले.

विभाजनानंतर डेव्हिन वेनिग यांच्याकडे आलेल्या ईबेवर लिलाव हा किरकोळ भाग उरला होता. बहुतेक विक्री ठरावीक किमतीची होती. २०१९मध्ये एलियट आणि स्टारबोर्ड या गुंतवणूक संस्थांनी तिकिटे विकणाऱ्या स्टबहबसारखे उपधंदे विकण्याचा दबाव आणला, आणि सप्टेंबरमध्ये संचालक मंडळाशी न पटल्याने वेनिग गेले. त्याच उन्हाळ्यात, कंपनीच्या नेतृत्वावर टीका करणारे वार्तापत्र चालवणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधील एका दांपत्याचा ईबेच्या सुरक्षा विभागातील काही जणांनी छळ केला. त्यांच्या घरी जिवंत झुरळे, कोळी आणि अंत्यविधीचे पुष्पचक्र पाठवले गेले. सात जणांनी गुन्हे कबूल केले, सुरक्षाप्रमुखाला जवळपास पाच वर्षांची शिक्षा झाली आणि जानेवारी २०२४मध्ये कंपनीने ३० लाख डॉलर दंड मान्य केला. वेनिग यांच्यावर आरोपपत्र झाले नाही. आपल्याला काही ठाऊक नव्हते असे त्यांनी सांगितले. नेतृत्वाविषयीचा वाद ऐकून घेण्याची सवय मोडलेल्या कंपनीत काय घडू शकते, याचे हे सर्वांत काळे उदाहरण आहे.

एप्रिल २०२०मध्ये आलेले जेमी इआनोन व्हिटमन यांच्या काळात ईबेतच काम केलेले. त्यांनी छोट्या जाहिरातींचा धंदा आणि दक्षिण कोरियातला बाजार विकून लक्ष संग्राहकांच्या मालावर आणले: खेळाडूंची कार्डे, बूट, घड्याळे, आणि त्यांचा अस्सलपणा तपासून देण्याची हमी. ज्या वस्तू अमेझॉनवर सहज मिळत नाहीत, त्याच इथे आणायच्या. फीचा प्रश्नही पुन्हा उघडला. मार्च २०२३पासून जर्मनीत आणि ऑक्टोबर २०२४पासून ब्रिटनमध्ये, मोटारींसारखे अपवाद सोडता, घरगुती विक्रेत्यांची विक्रीवरची फी माफ झाली. ब्रिटनमध्ये तिच्या जागी २०२५च्या सुरुवातीपासून खरेदीदाराकडून संरक्षण शुल्क घेतले जाऊ लागले.