खोक्यातली पिल्लं आणि खुडूक कोंबडी

या आठवड्यात अंड्यावरच्या कोंबड्यांची, म्हणजे लेयरची, शंभर पिल्लं घरी आली. फोटो टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, "खोका उघडल्यावर काय काय करायचं?" यादी कुठंही मिळते. गूळपाणी, बल्ब, तूस, पेपर, लस. पण यातलं प्रत्येक काम कुठून आलं ते समजलं, तर यादी पाठ करावी लागत नाही. म्हणून आज जरा मागं जाऊ.

एका वाक्यात सांगायचं तर, खोक्यातलं पिल्लू आईशिवाय आलेलं असतं. पहिले चार आठवडे तिचं काम आपल्याला करायचं असतं.

आमच्या कुही तालुक्यात जुन्या माणसांना विचारा, पिल्लू विकत आणणं त्यांना माहीतच नव्हतं. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत तणस टाकून तिच्याखाली दहा-बारा अंडी मांडायची. 21 दिवसांनी पिल्लं. ज्याच्याकडे कोंबडी नाही त्याला शेजारचा अर्धेलीनं द्यायचा. कोंबडी एकाची, पोसणारा दुसरा, पिल्लं निम्मी निम्मी. हा पैसा बहुतेक घरातल्या बाईच्या हातात राहायचा. मीठ-मिरची, लेकराची वही, त्यातूनच.

आता याचा हिशोब बघा. गावरान कोंबडी एका पाळीत पंधरा-वीस अंडी देते आणि खुडूक होते. मग तीन आठवडे उबवण, त्यानंतर महिना-दोन महिने पिल्लं सांभाळणं. तेवढा काळ अंडी बंद. वर्षात अशा तीन-चार पाळ्या, म्हणून गावरानाची अंडी वर्षाला पन्नास-साठच्या आसपास. ती आळशी नाही बाप्पा, उरलेला वेळ ती आईपण करते.

अंडी आईशिवाय उबवायची कला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवतात. थर्मामीटर नव्हता, तेव्हा कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचे. घराघरात, फार्मवर चालेल असं यंत्र मात्र एकोणिसाव्या शतकातलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी 1879 च्या सुमारास लायमन बाइसनं असं इनक्युबेटर चालवलं आणि ते गाव अंड्यांसाठी गाजलं. 1892 मध्ये न्यू जर्सीच्या जोसेफ विल्सननं एक दिवसाची पिल्लं रेल्वेनं थेट शिकागोला पाठवली, आणि ती जगली. 1918 पासून तर अमेरिकेचं पोस्ट खातं पिल्लांची पार्सलं घेऊ लागलं.

दाणापाण्याशिवाय पिल्लू जगतं कसं? अंड्यातून बाहेर यायच्या आधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं. ती शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. निसर्गानं ही सोय आईसाठी केली होती. सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. शेवटचं फुटेपर्यंत कोंबडी उठत नाही, आणि तोपर्यंत पहिली पिल्लं उपाशी बसतात. हॅचरीचा सगळा धंदा या दोन दिवसांच्या सवलतीवर उभा आहे. पण सवलत म्हणजे मुक्काम नव्हे. नागपूरहून कुही चाळीसेक किलोमीटर, तरी खोका बाहेरच्या जिल्ह्यातून येत असेल तर निम्मी शिदोरी रस्त्यातच संपलेली असते. म्हणून खोका आल्यावर आधी पाणी, गप्पा नंतर.

आता जातीकडे येऊ. पांढरी लेगहॉर्न मूळ इटलीची. लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावावरून तिचं नाव पडलं. ती आधीपासूनच कमी खुडूक होणारी. यंत्र आल्यावर खुडूक कोंबडीची गरजच उरली नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या न बसणारीच कोंबडी पुढे निवडत गेले. आजची लेयर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, कारण तिच्यातून आईपण जवळपास काढून टाकलेलं आहे.

हा बदल महाराष्ट्रात दोन वाटांनी आला. एक वाट सरकारी. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं, त्यातलं एक आपल्या नागपुरात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले सघन कुक्कुट विकास गट. अनुदानावर एक दिवसाच्या 100 पिल्लांचा गट, किंवा 25 तलंगा आणि 3 नर, ही योजना अनेकांना आठवत असेल. दुसरी वाट खासगी. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुण्यातून ती देशभर पसरली आणि बीव्ही-300 ही लेयर घराघरात पोचली. 1982 मध्ये त्यांच्याच पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तोवर भाव व्यापारी सांगायचा. समितीमुळे उत्पादकांच्या संघटनेचा भाव रोज जाहीर होऊ लागला. हे मोठं काम झालं, मान्य करायला पाहिजे.

पण त्याची किंमतही आहे. लेयरच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसालाही परवडत नाही. 1920 च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोटो या शास्त्रज्ञांनी एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखायची रीत शोधली. तेव्हापासून जगभर लेयरचे नर पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं 2022 पासून यावर बंदी घातली. आपल्या खोक्यात शंभर माद्या येतात तेव्हा साधारण तेवढेच नर खोक्यात आलेले नसतात, एवढं ध्यानात असू द्या.

लसींची नावं म्हणजे तर नकाशाच. मानमोडीला आपण राणीखेत म्हणतो, कारण भारतात तिची नोंद 1920 च्या दशकाच्या शेवटी कुमाऊँमधल्या राणीखेतला झाली. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात टाकतो ती लासोटा लस, तिचा विषाणू 1946 मध्ये न्यू जर्सीत लासोटा आडनावाच्या माणसाच्या फार्मवर मिळाला. दोन आठवड्यांच्या सुमारास देतो ती गंबोरो, हेही अमेरिकेतल्या एका गावाचं नाव. मॅरेक्स हा हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये वर्णन केलेला रोग. त्याची लस हॅचरीतच मानेत टोचतात, म्हणून पिल्लं घेताना ती दिली का ते विचारा. आणि फेब्रुवारी 2006 मधलं नंदुरबारचं नवापूर विसरू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथं सापडला आणि उभे फार्म रिकामे झाले. माझ्या शेडच्या दारात चुन्याची फक्की आणि वेगळी चप्पल असते, ती त्याचमुळे.

आता आईची कामं एकेक करून बघू.

ऊब: कोंबडीच्या पंखाखालची ऊब आपण बल्बनं देतो. पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला 5 अंशानं कमी. पिल्लामागं साधारण 2 वॅट. बल्ब जुन्या तारेचाच पाहिजे. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, आणि जुना बल्ब आता दुकानात शोधावा लागतो. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळाली तर उकाडा, एका कोपऱ्यात दाटली तर वारा लागतोय. पसरून चरत असली तर ठीक. डिसेंबर-जानेवारीत लाईट गेली तर काय, याची सोय खोका यायच्या आधी करा.

पाणी: कोमट, लिटरला मूठभर गूळ. पहिल्या दहा-वीस पिल्लांची चोच हलकेच बुडवा, बाकीची बघून शिकतात.

दाणा: दोन-तीन तासांनी भरडलेला मका पेपरवर टाका. कोंबडी चोचीनं टकटक करून पिल्लांना दाणा दाखवते. पेपरवर दाण्याचा आवाज होतो, तेच काम होतं. पेपर खरबरीत घ्या, गुळगुळीत पेपरवर पाय फाकतात. खाली धानाचं तूस, ते आपल्याकडे गिरणीवर मिळतं. संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून बघा. भरलेली लागली की त्या पिल्लाची काळजी मिटली.

शेवटी माझं मत. लेयर ठेवा, पैसा आहे. पण ही कोंबडी स्वतःचं पिल्लू काढणार नाही. दीड वर्षानं पुन्हा खोका, पुन्हा हॅचरीचा भाव. आणि गावात गावरान खुडूक कोंबडी दिसली की लोक तिला पाण्यात बुडवून उठवतात, "फुकट बसते" म्हणून. असं करत राहिलो तर वीस वर्षांनी तालुक्यात अंड्यावर बसणारी कोंबडी शोधावी लागेल. घरी चार गावरान वेगळ्या खुराड्यात ठेवा. त्यांनाही राणीखेतची लस द्या. खुडूक झाली की तिला बसू द्या. दोन-तीन आठवडे बसलेल्या खुडूकखाली रात्री अंधारात एक-दोन दिवसांची आठ-दहा पिल्लं सरकवली, तर बहुतेक वेळा ती आपली मानते. त्यांना ना बल्ब लागतो ना लाईट. लेयरच्या शेडमध्ये मात्र त्यांना मिसळू नका. पशुवैद्यक मंडळी वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र नको म्हणतात, ते बरोबरच आहे.

तुमच्या गावात अर्धेलीनं कोंबडी द्यायची रीत अजून चालू आहे का? खुडूक किती घरी बसते? खाली नक्की लिहा, गावाच्या नावासकट.